पालथी कमान

सकाळी पावणेआठला मी कॉलेजच्या फाटकाशी सायकलवरून उतरले, तेव्हा माझ्या कमानीचा उजवा भाग शहाण्यासारखा जमिनीवर टेकलेला होता आणि डावा भाग आकाशात गेला होता.

गेला होता म्हणजे मोडून लोंबत नव्हता. चांगला चोवीस फूट उंच, बांबूचे टेकू देऊन, सुंभाने करकचून आवळून, कुणीतरी जिवावर उदार होऊन चढवलेला होता. निळा रंग, पांढरी वेलबुट्टी, सोनेरी काठ, सगळं जागच्या जागी. टोकावर एक कावळा बसला होता. हत्तीने सोंड उचलून सलामी द्यावी तशी ती कमान बाजारपेठेला सलामी देत होती, आणि बाजारपेठ चहाचे कप हातात घेऊन ती स्वीकारत होती.

"बेस झालीया का न्हाई?" मागून आवाज आला.

अण्णाप्पा हत्तरकी, आमच्या तालुक्यातले सगळ्यात जुने मंडपवाले. डोळ्यांखाली जागरण, चेहऱ्यावर समाधान.

"अण्णाप्पा, हे काय आहे?"

"कमान."

"कमान अशी असते?"

"साधी नसती अशी. पर ही गणिताची हाय. आमी म्हटलं, गणिताची हाय म्हंजे असंल असंच."

मी सायकल तिथेच सोडली. ती पडली, घंटी वाजली, कावळा काही हलला नाही.

त्या दिवशी आमच्या कॉलेजचा रौप्यमहोत्सव होता. पण मला महोत्सवाचं काही पडलेलं नव्हतं. त्याच दिवशी अकरा वाजता गणिताच्या एकुलत्या एक कायम जागेची मुलाखत होती. चार वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, सुट्टी लागली तर बेकार. घरी वडील रोज विचारायचे, "कायम झालीस का गं?" जसं काही मी सकाळी भाजी आणायला जाताना वाटेत कायम होऊन येणार होते. समोर उमेदवार एकच, पृथ्वीराज इंगवले, आणि ते संस्थेच्या अध्यक्षांचे, आबासाहेबांचे, जावई. त्यामुळे माझ्या बाजूने काही असेल तर ती ही कमान, असं आमचे विभागप्रमुख महागावकर सर म्हणाले होते. "आबासाहेबांना डोळ्यांना दिसणारं काम आवडतं, रेडेकर. इतिहासवाले तोफ करतायत, भूगोलवाले ज्वालामुखी. आपण कमान करू. समीकरणाची कमान! निमंत्रणपत्रिकेवर छापून टाकू."

आणि टाकलं छापून. 'गणित विभागाची स्वागतकमान. सम फलनाचा मनोहारी आविष्कार.' संकल्पना महागावकर, मांडणी कु. रेडेकर.

सरांनी समीकरणही दिलं. ते अर्धं पान होतं. त्यात ई होता, ईच्या डोक्यावर घात, घातात लॉग, लॉगच्या पोटात वर्गमूळ आणि वर्गमूळ उघडून बघावं तर आत पुन्हा ई. मी विचारलं, "सर, हे इतकं कशाला?" सर म्हणाले, "समीकरण बघून माणूस घाबरला पाहिजे. मग आदर बसतो."

तो कागद घेऊन मी आठवड्यापूर्वी अण्णाप्पांच्या गोदामात गेले होते. अण्णाप्पा खरंच घाबरले.

"बाई, ह्यो शाप हाय का मंत्र?"

"थांबा, मी सोपं करते." मी तिथेच एका सतरंजीच्या गठ्ठ्यावर बसून सोडवायला घेतलं. "हे बघा, हा ई, आणि त्याच्या डोक्यावर हा लॉग. हे दोघं समोरासमोर आले की एकमेकांना रद्द करतात. राहतं ते पोटातलं."

"ई म्हंजे?"

"एक संख्या आहे. दोन पूर्णांक सात एक आठ, पुढे संपतच नाही."

"संपत न्हाई तर मोजायची कशी?"

"मोजायची नाही. नाव घ्यायचं आणि पुढे जायचं."

ते त्यांना पटलं. मी एकेक ओळ खोडत गेले. ईने लॉग गेला, वर्गाने वर्गमूळ गेलं. अण्णाप्पा बारीक डोळे करून बघत होते.

"म्हंजे सरांनी आधी गाठ मारली, आन् तुमी आता सोडाय लागलाय?"

"तसंच."

"मग आधी मारायचीच कशाला?"

"अभ्यासक्रमात आहे."

शेवटी अर्ध्या पानाचं एवढंसं उरलं: ईचा एक्स घात, अधिक ईचा वजा एक्स घात, भागिले दोन. त्याचं चित्र काढून दाखवलं तर अण्णाप्पा म्हणाले, "ही तर दोन खांबांवर माळ सोडली की लोंबती, तसली. उलटी करून लावायची, एवढंच न्हवं?" मी दोन संध्याकाळी ज्याचा तक्ता करण्यात घातल्या होत्या ते त्यांनी असं झटक्यात सांगितल्यावर मला जरा रागच आला. मी अधिकारवाणीने म्हटलं, "एक्सच्या जागी वजा एक्स घातला तरी काही बदलत नाही. पहिलं दुसऱ्याच्या जागी जातं, दुसरं पहिल्याच्या. म्हणून हे सम फलन. डावी-उजवी जुळी. तुम्ही अर्धीच मापं घ्या, अर्ध्या-अर्ध्या फुटावरची. दुसऱ्या बाजूला वेगळी मापं लागणार नाहीत."

"मग तर एकच फर्मा बास," अण्णाप्पा म्हणाले. फर्मा म्हणजे साचा. त्यावर एक तुकडा कापायचा, त्याच्यावर ठेवून दुसरा कापायचा. जन्मभर ते असंच करत आले होते. पण जन्मभर त्यांनी कापडाच्या कमानी केल्या होत्या, आणि कापड दोन्हीकडून सारखंच. ही पहिली प्लायवूडची. दोन्ही तुकडे गोदामात शेजारी-शेजारी सारखेच निजवले होते. पेंटर आला, वरची बाजू दिसली ती रंगवली आणि गेला.

हे सगळं मला त्या सकाळी फाटकाशी उभं राहून कळलं.

"उजवा तुकडा बसला झ्याक," अण्णाप्पा सांगत होते. "डावा घेतला, तर वाकण भलतीकडंच. उलटा केला की बसतोय, पर रंग मागं जातोय! लोकांनी बिनरंगाचा प्लाय बघायचा व्हय? माझी अब्रू हाय का न्हाई गावात? म्हणून रंग म्होरं ठिवला आन् फिरवत बसलो. फिरवून फिरवून, ह्येच्याबिगर दुसरी जागाच गावंना."

"अहो, पण हे विषम फलन झालं!" मी ओरडले. चहावाल्याने कप खाली ठेवला.

"विषम म्हंजे वंगाळ?"

"वंगाळ नाही हो, वेगळं! अर्ध्या फेऱ्याने फिरवलं की स्वतःवर बसतं ते विषम. आरशात धरल्यासारखं जुळतं ते सम. सममध्ये वजा एक्सची किंमत एक्सइतकीच येते, विषममध्ये वजा एक्सची किंमत उणे होऊन येते. साधी व्याख्या आहे!"

अण्णाप्पांनी माझ्याकडे बघितलं. अदबीने, शांतपणे, काहीही न कळल्याच्या त्या पूर्ण तयारीने. हा चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. बारावीचे एकशेवीस चेहरे चार वर्षं माझ्याकडे असेच बघत आले होते, आणि मी समजत होते की त्यांना समजतंय.

"गडी कुठे आहेत? आत्ता उतरवा ते."

"गडी गेलं की लग्नाच्या मांडवाला. हितनं दहा किलोमीटर. दुपारी येतील."

मग मला रडायलाच यायला लागलं. आणि रडण्यापेक्षा बरं म्हणून मी उजव्या पायातली चप्पल काढली.

"तुमची पण काढा. उजवी."

"मारताय का काय, बाई?"

"काढा म्हणते ना!"

त्यांनी काढली. मी दोन्ही चपला धुळीत शेजारी-शेजारी ठेवल्या, माझी नाजूक आणि त्यांची ट्रकच्या टायरची. "या दोन्ही उजव्या. एकाच फर्म्यातल्या समजा. आता तुमची फिरवून डावी करून दाखवा."

अण्णाप्पा उकिडवे बसले. चप्पल अर्धी फिरवली. पूर्ण फिरवली. टाच पुढे केली, अंगठा पुढे केला, आडवी केली. दहा-बारा माणसं जमली. त्यातल्या एकाने सल्ला दिला, तो चुकीचा निघाला.

"हुईना की वो."

"होणारच नाही."

"किती बी फिरवली तर?"

"जन्मभर फिरवा."

त्यांनी चप्पल उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली आणि हळूच पालथी घातली. तळ वर, पट्टा धुळीत. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "आता डावी झाली!"

"झाली!"

"पर पट्टा मातीत गेला. म्हंजे आमचा रंग मागं!"

"हो!"

"म्हंजे फिरवून बसती ती ही सोंडंची, आन् पालथी घालून बसती ती खरी कमान. रंग आन् आकार दोन्ही पायजे तर दुसरा फर्माच उलटा कापाय पायजे हुता!"

"हो, अण्णाप्पा, हो!" मी इतक्या जोरात ओरडले की तो कावळा अखेर उडाला.

"मग हे असं सांगायचं की पयल्यांदाच," अण्णाप्पा म्हणाले आणि धूळ झाडून उभे राहिले. "लॉग-बिग कशाला मधी आणलासा?"

मी चप्पल घातली आणि आत गेले. गडी दुपारी येणार होते आणि मुलाखत अकराला होती. माझं कायम होणं तिथे बांबूला बांधून आकाशात लटकलेलं होतं.

मुलाखत पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडेच्या खोलीत. टेबलामागे आबासाहेब आणि विद्यापीठाने पाठवलेले तज्ज्ञ, डॉ. टेंबे. बारीक चणीचे, पांढरी मिशी, तोंड सतत काहीतरी चघळत असल्यासारखं, पण चघळत काहीच नसलेले. महागावकर सर कोपऱ्यात. इंगवल्यांची मुलाखत आधी झाली होती. ते हसतच बाहेर आले होते आणि मला म्हणाले होते, "ऑल द बेस्ट हं, ताई." आबासाहेबांच्या गाडीतून मागच्या फाटकाने आलेला माणूस होता तो, त्याच्या बुटांना धूळसुद्धा नव्हती.

डॉ. टेंब्यांनी माझा अर्ज बघितलाच नाही.

"रेडेकर, मी सकाळी सव्वाआठला समोरच्या फाटकाने आलो. तिथे काहीतरी उभं आहे. ते फलन सम की विषम?"

आबासाहेबांनी निमंत्रणपत्रिका उलटवली. तिच्यावर सम असंच छापलेलं होतं, माझ्या नावासकट. महागावकर सर कोपऱ्यातून ओठ न हलवता 'सम, सम' करत होते. मला तेवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती सोंड होती.

"विषम, सर. व्हायला हवं होतं सम. एकाच बाजूने रंगवलेले दोन्ही अर्धे एकाच साच्यातले निघाले. चूक माझी आहे. मी अर्ध्याचीच मापं दिली आणि दुसरा अर्धा उलटा कापायला सांगितलं नाही."

महागावकर सरांनी डोळे मिटले.

"असं," डॉ. टेंबे म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांची मिशी जरा हलली. "इंगवल्यांनी सम सांगितलं. आबासाहेब, या खिडकीत. प्रत्यक्षच बघून घ्या."

त्यांनी खिडकी उघडली. आम्ही सगळे वाकलो.

खाली कमान उभी होती. सुंदर, सरळ, डावी-उजवी जुळी. कुणीही बघून सम म्हणावं अशी. नुसता डावा अर्धा भाग उघडा-बोडका प्लायवूडचा होता आणि त्याच्यावर पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते. शिडीवर अण्णाप्पा, आणि खालून टेकू धरून इतिहास विभागाचे दोन प्राध्यापक, तोफ सोडून आलेले.

आबासाहेब खूश होऊन म्हणाले, "समच की! आमचं जावई बरोबर!"

मी 'सम' म्हटलं असतं तर सकाळचं खोटं आता खरं ठरलं असतं, आणि मी खरं बोलले तेवढ्या वेळात अण्णाप्पांनी ते माझ्या प्रेमापोटी खोटं करून ठेवलं होतं. डॉ. टेंबे मात्र आबासाहेबांपेक्षा जास्त चक्रावले होते. ते खिडकीतून अर्धे बाहेर गेले होते.

"सव्वाआठला ही सोंड होती," ते म्हणाले. "मी शुद्धीत होतो. चला खाली."

सगळे खाली उतरलो. इंगवलेही आले. आम्हाला बघून अण्णाप्पा शिडीवरून लगबगीने उतरले आणि माझ्या कानाशी मोठ्याने कुजबुजले, "बाई, काळजी करू नका. पालथा घातला. रंग गेला तर गेला, तुमची नोकरी जायला नगं."

"हे तुम्ही केलंत?" डॉ. टेंबे.

"व्हय सायेब."

"रंग मागे का गेला?"

"आकार सरळ पायजे तर रंग मागं जातोय. रंग म्होरं पायजे तर आकार उलटा हुतोय. एका फर्म्यात दोन्ही एकदम न्हाई जमायचं."

"आणि मला दोन्ही हवं असेल तर? नुसतं फिरवून?"

"न्हाई सायेब. किती बी फिरवा."

"का?"

अण्णाप्पांनी इकडेतिकडे बघितलं. मग स्वतःची उजवी चप्पल काढून खाली ठेवली आणि आबासाहेबांपुढे हात पसरला. "आबासाहेब, तुमचा उजवा बूट द्या."

आबासाहेबांना आयुष्यात असं कुणी काही मागितलं नसावं. त्यांनी दिला. एका पायावर, पांढऱ्या मोज्यात, संस्थेचे अध्यक्ष जावयाच्या खांद्याला धरून उभे राहिले. आणि अण्णाप्पांनी, सातवी नापास अण्णाप्पांनी, त्या चपलेवर आणि बुटावर सम आणि विषम असं काही समजावलं की मी ऐकतच राहिले. बूट फिरवला, उजवाच राहिला. बूट पालथा घातला, डावा झाला, तळ वर आला. "फिरवून जुळतंय ते विषम. पालथं घालून जुळतंय ते सम. पयली ती सोंड, दुसरी ही कमान. ह्यात वंगाळ कुठलंच न्हाई. आपल्याला काय पायजे ते आधी ठरवायचं." तोफेजवळचे दोघे, ज्वालामुखीवाले, चहावाला, सगळे ऐकत होते. एकाने माझ्या पडलेल्या सायकलीकडे बोट करून विचारलंही, "आन् पुढचं चाक?" अण्णाप्पांनी सांगितलं, "ते दोन्ही. कसं बी जुळतंय." मला तेसुद्धा कधी सुचलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पदराने पुसलंही नाही.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" डॉ. टेंब्यांनी विचारलं.

"ह्या बाईंनी. सकाळी. हितंच."

इंगवले पुढे झाले. "सर, पण मी सम म्हटलं होतं. आणि कमान समच आहे."

"तुम्ही पत्रिका वाचलीत," डॉ. टेंबे म्हणाले. "कमान हिने पाहिली." मग माझ्याकडे वळले. "रेडेकर, चार वर्षांत हे किती जणांना शिकवलंत?"

"पाचशेच्या आसपास, सर."

"समजलं किती जणांना?"

मी विचार केला. फळ्यावरच्या व्याख्या आठवल्या. वहीत जशाच्या तशा उतरून घेणाऱ्या मुली आठवल्या. लॉगच्या पोटातला लॉग सोडवून मी हात झाडत वर्गाकडे वळायचे तेव्हाचे ते एकशेवीस अदबशीर चेहरे आठवले. आकडा फुगवायचा तर हीच वेळ होती.

"एकाला," मी म्हटलं. "आज सकाळी, आठला."

"मला शिकवायला लागून तीस वर्षं झाली," डॉ. टेंबे म्हणाले. "मी अजून पहिल्याची वाट बघतोय." त्यांनी खिशातून पेन काढून आबासाहेबांपुढे धरलं. "आबासाहेब, बूट घाला आणि हिच्या नेमणुकीच्या कागदावर सही करा."

बूट अण्णाप्पांच्या हातात होता, आणि ते चहावाल्याला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत होते. म्हणून आबासाहेबांनी आधी सही केली.